आधी काय, मग काय? मराठी मंडळीत कामांचा क्रम कसा लावावा



सांगवीतल्या आमच्या मराठी मंडळीच्या कमिटीचा मी सचिव आहे. पाळक नाही, आठवडाभर नोकरी करतो आणि संध्याकाळी व रविवारी मंडळीचे काम पाहतो. आपण या पत्रिकेचे वाचक आदिवासी भागातील वसतिगृहे, शाळा आणि दवाखाने यांच्यासाठी वर्षानुवर्षे प्रार्थना करत आलो, अर्पणाची पाकिटे भरत आलो. ज्या मुलांसाठी ती पाकिटे भरली, ती मुले मोठी होऊन आता चाकणच्या कारखान्यांत आणि औंधच्या रुग्णालयांत कामाला लागली आहेत, आणि रविवारी आपल्याच बाकांवर येऊन बसत आहेत. त्यामुळे कमिटीपुढे एक प्रश्न नव्याने आला आहे. हात तेवढेच, पैसा तेवढाच, आणि कामे दुप्पट. मग आधी काय करायचे?

हा प्रश्न पिंपरी, भोसरी, देहूरोड अशा ठिकाणच्या अनेक मंडळ्यांपुढे आहे, असे मला भेटीगाठींतून दिसते. म्हणून आम्ही क्रम कसा लावतो ते सविस्तर लिहितो. त्यातले जे उपयोगी वाटेल ते घ्यावे.

आपण कोण आणि आता कोण येत आहेत

आमच्यातील बहुतेक कुटुंबांची मुळे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), जालना आणि आसपासच्या खेड्यांत आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले. 1831 मध्ये नगरला काम सुरू झाले. 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले. त्या कामातून आपल्या पणजोबांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या. पुढे पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मोठमोठे कारखाने उभे राहिले आणि आपली माणसे गावाकडची मंडळी सोडून इकडे आली. बरोबर आणले ते मराठी पवित्र शास्त्र, ‘उपासना संगीत’ आणि टाळ-पेटी. म्हणजे आपणही या शहरात पोटासाठीच आलेले लोक आहोत, फक्त दोन पिढ्या आधी.

आता येणाऱ्यांत दोन मोठे गट आहेत. एक नंदुरबार जिल्ह्यातून, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या तालुक्यांतून येतो. 2011 च्या जनगणनेनुसार त्या जिल्ह्यातील सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. या मुलांची घरची भाषा मावची, पावरी किंवा भिली. मराठी त्यांनी शाळेत शिकलेली. दुसरा गट झारखंड आणि ओडिशातून, सिमडेगा, खुंटी, सुंदरगड अशा जिल्ह्यांतून येतो. ते आपसात सादरी, मुंडारी, कुडुख बोलतात आणि आपल्याशी हिंदीत. रांचीला गॉसनर मिशनचे काम 1845 मध्ये सुरू झाले. म्हणजे यांच्या घरातही चार-पाच पिढ्यांचा विश्वास आहे, स्वतःची गीते आहेत, मंडळी चालवण्याची शिस्त आहे. वारसा आपला आणि गरज त्यांची, अशी वाटणी मनात असेल तर ती पहिल्यांदा काढून टाकावी.

यरुशलेमेतली तक्रार

प्रेषितांची कृत्ये 6 हा अध्याय आपण सगळ्यांनी वाचला आहे. कमिटीच्या बैठकीआधी तो पुन्हा वाचावा. मंडळी वाढत होती, आणि रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा सुटून जात होत्या. इब्री बोलणाऱ्यांच्या विधवा सुटत नव्हत्या. कोणी मुद्दाम केले असे तिथे म्हटलेले नाही. ओळखीच्या माणसाला आधी वाढले जाते, एवढेच. भाषेच्या भिंतीमागचा माणूस उपाशी राहतो आणि वाढणाऱ्याला ते कळतही नाही.

प्रेषितांनी तीन गोष्टी केल्या. तक्रार करणाऱ्यांना कुरकुरे ठरवले नाही. आपले वचनसेवेचे काम सोडून स्वतः वाढायलाही उभे राहिले नाहीत. आणि सगळ्या मंडळीला सात जण निवडायला सांगितले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, हे अभ्यासकांनी पूर्वीच दाखवून दिले आहे. म्हणजे ज्यांची तक्रार होती, कारभार बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती आला. सगळी कामे महत्त्वाची आहेत असे म्हणून प्रेषित थांबले नाहीत. कोणते काम कोणाचे, हे त्यांनी ठरवले.

आमचे तीन प्रश्न

कमिटीच्या वहीत एका वर्षी कामांची यादी लिहिली तेव्हा दोन पाने भरली. सभागृहाची फरशी, कॅरलची गाडी, कापणीचा सण, संडे स्कूल, महिला मंडळाची सहल, दफनभूमीच्या जागेचा पाठपुरावा, गायनवृंदाचे गणवेश, आजाऱ्यांच्या भेटी, कामगारांची कागदपत्रे, नव्या मुलींसाठी सुरक्षित खोली. यातले एकही काम वाईट नाही. अडचण तीच आहे. वाईट आणि चांगले यांत निवडणे सोपे असते. दहा चांगल्या कामांतून तीन निवडणे जड जाते. म्हणून आता प्रत्येक कामाला आम्ही तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: आपण हे सोडले तर दुसरे कोण करेल? नाताळाचा मोठा कार्यक्रम आपण केला नाही तरी शहरात तो होणारच आहे. पण महाळुंग्याच्या एका खोलीत आठ जण राहतात, त्यातल्या एकाला ताप भरला आहे आणि इथे त्याचे नातेवाईक कोणी नाही. त्याची चौकशी आपण केली नाही तर कोणीच करणार नाही.

दुसरा प्रश्न: उशीर झाला तर नुकसान भरून येईल का? फरशी पुढच्या वर्षी बसवली तरी ती फरशीच असते. काही गोष्टींचे मात्र तसे नसते. याची दोन उदाहरणे देतो, कारण ती प्रत्येक मंडळीला उपयोगी पडतील.

एक, सिकलसेल. नंदुरबारच्या आदिवासी समाजात हा आनुवंशिक रक्तदोष बऱ्याच प्रमाणात आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. शरीरातले पाणी कमी झाले, थंडी बाधली, संसर्ग झाला किंवा अतिश्रम झाले की सांधे, पाठ, छाती असह्य दुखते. आमच्यातील एका तरुणाला रात्रपाळीत असे दुखू लागले, तेव्हा सुपरवायझरला तो कामचुकारपणा वाटला आणि खोलीतल्या मित्रांना वाटले अंगदुखी आहे, गोळीने जाईल. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते, सरळ रुग्णालय गाठायचे असते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधीची रक्ततपासणी महत्त्वाची. 2023 पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू आहे. विवाहपूर्व समुपदेशनात आपण नातेसंबंधांवर बोलतो. तिथेच या तपासणीचेही सांगावे.

दोन, ईएसआय. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या मुलाच्या पगारातून वर्गणी कापली जाते, पण आपला विमा क्रमांक त्याला अनेकदा माहीत नसतो. कामावर झालेल्या अपघातासाठी ईएसआयचे संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असते. साध्या आजारपणात पगाराची भरपाई मिळण्यासाठी मात्र सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. क्रमांक मिळवण्याचे काम पाच मिनिटांचे असते. बोट यंत्रात गेल्यानंतर तेच काम पाच महिने पुरते. म्हणून नवा मुलगा मंडळीत आला की नाव, गाव आणि घरचा फोन नंबर यांबरोबर आम्ही विचारतो, “ईएसआयचा नंबर आहे का? पीएफचा यूएएन कुठे लिहून ठेवला आहेस?” काहींना हे मंडळीचे काम वाटत नाही. मला ते आजाऱ्याच्या भेटीइतकेच मंडळीचे वाटते.

तिसरा प्रश्न: हे कोण करणार, आणि कोणत्या वारी? ज्या कामापुढे माणसाचे नाव आणि वेळ लिहिता येत नाही, ते आम्ही यादीतून खाली उतरवतो. ‘मंडळीने लक्ष घालावे’ असा ठराव म्हणजे कोणीच लक्ष घालणार नाही असा ठराव.

पैशाचा क्रम

खरी परीक्षा अंदाजपत्रकाच्या बैठकीत होते. सभागृहाची फरशी फुटली होती आणि तिच्यासाठी दोन वर्षे वर्गणी जमा होत होती. त्याच वर्षी आजारपण, अपघात आणि अचानक गावी जाण्याचे भाडे यांसाठी एक राखीव निधी असावा अशी मागणी आली. फरशीसाठी दिलेला पैसा दुसरीकडे वळवायचा नाही, हे आम्ही सुरुवातीलाच स्पष्ट केले. देणाऱ्याने ज्या कारणासाठी दिले, त्याच कारणासाठी ते राहते. खजिनदारावरचा विश्वास एकदा गेला की कोणताच क्रम उपयोगाचा नाही. प्रश्न होता तो नव्या वर्षीच्या सर्वसाधारण अर्पणाचा.

चर्चा तापली. एका ज्येष्ठ सभासदांनी सांगितले की आमच्या वडिलांनी शिफ्ट करून येऊन या भिंतींवर पाणी मारले आहे. वास्तूकडे दुर्लक्ष म्हणजे त्यांच्याकडे दुर्लक्ष. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मग महिला मंडळातील एक आजी बोलल्या. त्या म्हणाल्या, “आम्ही सांगवीत आलो तेव्हा आमच्याकडं फरशी नव्हतीच. शेजारच्या बाईनं पहिल्या दिवशी स्टोव्ह दिला होता, तो लक्षात आहे.”

ठराव असा झाला: सर्वसाधारण अर्पणातला ठरावीक हिस्सा आधी राखीव निधीत जाईल, मग पाळकांचे मानधन व नित्य खर्च, आणि बाकी उरेल तसे बांधकामाला. फरशी एक वर्ष पुढे गेली. दोन कुटुंबांना हे अजूनही पटलेले नाही. ती कुटुंबे दर रविवारी येतात, आपले मत सांगतात, आणि आम्ही ते ऐकून घेतो. क्रम लावणे म्हणजे सगळ्यांना खूश करणे नव्हे, पण नाराज माणसाला उत्तर देणे हे सचिवाचे काम आहेच.

निधीतून रक्कम देताना दोघांच्या सह्या लागतात. घेणाऱ्याचे नाव मंडळीत वाचले जात नाही. परत केली तर आनंद, न केल्यास मागणी नाही.

मनातली एक अडचण

एक विषय बैठकीत निघत नाही, पण बाहेर चहाच्या टपरीवर निघतो. आपल्यातील अनेक कुटुंबे पूर्वाश्रमीच्या अनुसूचित जातींतील आहेत. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्यांना तो मिळत नाही. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अशी अट नाही. त्यामुळे “त्यांना सवलत आहे, आपल्याला नाही, मग मदत आपणच का करायची?” असे कोणीतरी म्हणते.

त्यामागचे दुःख खरे आहे. पण नवापूरच्या मुलाने तो नियम केलेला नाही. शिवाय झारखंडहून आलेल्या मुलाला महाराष्ट्रात राज्याच्या जागांवर त्या दाखल्याचा लाभ मिळत नाही, कारण जमातींची यादी राज्यवार असते. कागदावर सवलत आणि हातात ठेकेदाराची पाळी, अशी त्याची स्थिती आहे. दोन वंचितांनी एकमेकांच्या ताटाकडे पाहत बसण्यापेक्षा एका पंक्तीत बसावे. हे एकदा मोकळेपणाने बोलल्याशिवाय कामांची यादी कितीही नीट लावली तरी ती हलत नाही.

मग वारशाचे काय?

आता सगळ्यात नाजूक प्रश्न. मदतीचे काम वाढले तर मराठी मंडळीचे मराठीपण राहील का? आपली स्वतःची मुले इंग्रजी शाळेत, नवे लोक हिंदी बोलणारे. दहा वर्षांनी ‘उपासना संगीत’ कोण उघडेल?

याचे उत्तर मला वारशातच सापडते. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली केडगावला आणल्या. आधी त्यांना अन्न, निवारा आणि हाताला काम दिले. त्याच रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांनाही समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. 1922 मध्ये रमाबाईंचे निधन झाले, त्याच्या थोडे आधी भाषांतर पुरे झाले. त्या कामातली मराठी घडली ती ज्यांना आसरा दिला त्यांच्यासाठी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही परदेशी चालींवर समाधान न मानता अभंग, ओवी आणि कीर्तन मंडळीत आणले, कारण गाणाऱ्याला आपल्या मातीच्या सुरात देवाशी बोलता यावे. म्हणजे ज्याला आपण वारसा म्हणतो, तो सेवेतून आणि लोकांच्या बोलीचा मान राखण्यातून तयार झाला. सेवा बाजूला ठेवून तो जपता येणार नाही.

म्हणून मराठी उपासना आम्ही मराठीच ठेवली आहे. वरचे तीन प्रश्न इथेही लागू पडतात. आमच्या वयस्क सभासदांना दुसऱ्या भाषेत प्रार्थना करता येत नाही. त्यांची मराठी उपासना आपण मोडली तर त्यांना ती परत कोण देणार? पण महिन्यातून एका रविवारी शास्त्रपाठ मावचीत किंवा सादरीत होतो आणि त्या गटाचे एक गीत होते. सगळ्यांना अर्थ कळावा म्हणून आधी दोन वाक्ये मराठीत सांगतो. आता आमच्या गायनवृंदातील मुले त्या गीतांचा ठेका पकडतात, आणि नंदुरबारची मुले टिळकांची भजने पाठ म्हणतात. दोन्हीकडे काही कमी झालेले नाही.

सचिवाचा स्वतःचा क्रम

निर्गम 18 मध्ये इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे न्याय करताना पाहतो आणि सांगतो की असे केल्याने तू थकशील आणि लोकही थकतील. उपाय म्हणून हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेमायला सांगतो. मोशेला हे सासऱ्याने सांगावे लागले. आपल्याला बहुधा घरचीच माणसे सांगतात, आणि ती बरोबर असतात.

माझ्या आठवड्यात मंडळीसाठी तीन संध्याकाळी आणि रविवार आहे. बाकी संध्याकाळी घरच्या. रात्रीच्या फोनसाठी पाळीने चार जण आहेत. चाकणच्या खोल्यांसाठी, चाकणपासून सांगवी सुमारे 25 किलोमीटर असल्यामुळे, दर आठ-दहा मुलांमागे त्यांच्यातलाच एक जण संपर्काला आहे. तो आधी चौकशी करतो आणि गरज पडली तरच आम्हाला कळवतो. रुग्णालयाचे काम सिमडेग्याच्या एका परिचारिकेकडे आहे. तिला वॉर्डातली भाषाही कळते आणि माणसांचीही.

कमिटीत मताचा हक्क मिळण्यासाठी सभासदत्व लागते, आणि त्यासाठी मूळ मंडळीचे बदलीचे पत्र. गावाहून ते पत्र यायला महिने लागतात. तोवर दोन तरुणांना निमंत्रित म्हणून बसवले आहे. नियमानुसार त्यांना मत नाही, पण विषयपत्रिकेवर विषय घालण्याचा हक्क आम्ही ठरावाने दिला आहे. हे पुरेसे नाही. पत्रे लवकर मागवणे हे या वर्षीच्या यादीत पहिल्या तिनांत आहे, कारण ज्याच्यासाठी निर्णय होतो तो निर्णयाच्या टेबलाशी असावा, हे कृत्ये 6 मध्ये आपण वाचले आहे.

आपण काय करू शकता

आपल्या मंडळीत ही पद्धत सुरू करायची असेल तर पुढच्या बैठकीत तीन गोष्टी कराव्यात. एक, सगळी कामे एका कागदावर लिहून प्रत्येकापुढे वरील तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. दोन, या वर्षी काय करणार नाही तेही लिहून मंडळीला वाचून दाखवावे; न सांगता सोडलेले काम लोकांच्या मनात राहते. तीन, येत्या रविवारी मागच्या बाकावर बसणाऱ्या नव्या तरुणाला गाव, भाषा आणि ईएसआय क्रमांक विचारावा.

ज्यांची मुले-मुली किंवा वसतिगृहातील विद्यार्थी नोकरीसाठी पुण्याकडे निघाले आहेत, त्यांनी त्यांच्याबरोबर सभासदत्वाच्या बदलीचे पत्र आणि असल्यास सिकलसेल तपासणीचा कागद द्यावा. पोचण्याआधी जवळच्या मंडळीला कळवावे. देणगीपेक्षा ही दोन कागदे आम्हाला अधिक उपयोगी पडतात.

प्रार्थनेसाठी विषय: रात्रपाळी करणारी मुले आणि परिचारिका मुली, ज्यांची पत्रे अजून आलेली नाहीत ते, आणि ती दोन कुटुंबे, ज्यांना आमचा क्रम अजून पटलेला नाही. त्यांच्यासाठीही तितक्याच प्रेमाने प्रार्थना करावी, ही विनंती.